अढळ ध्रुवाचे बदलते पंचांग

परभणीहून ध्रुवतारा पाहावयाचा तर मान फारशी उंच करावी लागत नाही. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर. म्हणून आपला ध्रुवही क्षितिजापासून १९ अंशच वर. उत्तरेस तोंड करून हात सरळ पुढे धरावा, क्षितिजावर एकावर एक अशा दोन मुठी ठेवाव्यात, की त्याच्या आसपास तो सापडतो. तसा तो फार तेजस्वी नाही. परंतु लग्नात नवऱ्यामुलीला बाहेर अंगणात नेऊन दाखवावयाचा मान त्याचाच. कारण बाकीचे तारे फिरतात, हा जागचा हलत नाही. ‘ध्रुव’ या शब्दाचा अर्थच मुळी स्थिर, निश्चित, अढळ असा आहे. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या त्या हट्टी बाळाची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते.

मराठीचा प्राध्यापक म्हणून शब्दांच्या अर्थांशी माझा रोजचाच संबंध येतो. पण अलीकडे या एका शब्दाने मला विचारात पाडले आहे. ज्या ताऱ्याला आपण अढळ म्हणतो, त्याच्या बरोबर खाली, पृथ्वीच्या उत्तर टोकावर, आज जितके झपाट्याने बदलते आहे तितके जगात क्वचितच कोठे बदलत असेल. तेथील बर्फ वितळते आहे ही वार्ता आपण वर्तमानपत्रात वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि पान उलटतो. परभणीपासून उत्तर ध्रुव सुमारे ७,८५० किलोमीटर. एवढ्या लांबची चिंता आपण का करावी? वाचक हो, हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचेच उत्तर या लेखात शोधावयाचे आहे.

तसे पाहिले तर उत्तर ध्रुवाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे, आणि ते जोडून देणारा माणूस कोणी दर्यावर्दी नव्हता. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली. तुरुंगात असताना मॅक्स म्युल्लरने पाठविलेली ऋग्वेदाची आवृत्ती त्यांना वाचावयास मिळाली. रात्रीच्या फावल्या वेळात त्यांनी वेदांतील उषेची वर्णने बारकाईने पाहिली. ही उषा आपल्याकडच्यासारखी घटकाभराची नव्हे, ती दिवसच्या दिवस रेंगाळणारी आहे, असे त्यांना दिसले. देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्रही सहा महिन्यांची, ही कल्पनाही जुनीच. या सर्वांचा मेळ घालून त्यांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होते, असे प्रतिपादन केले. त्यांचा निष्कर्ष पुढे विद्वानांनी स्वीकारला नाही, हे खरे. परंतु पुण्याच्या एका माणसाने कधीही न पाहिलेल्या आकाशाचे एवढे सूक्ष्म चित्र केवळ शब्दांवरून उभे करावे, याचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही.

त्या ग्रंथातील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. पारशी लोकांच्या अवेस्तामध्ये एक कथा आहे. प्राणघातक हिवाळे येणार आहेत, तेव्हा एक मोठे आवार बांध आणि त्यात माणसांची, जनावरांची व वनस्पतींची उत्तमोत्तम बीजे राखून ठेव, अशी आज्ञा अहुरमज्द यिमाला करतो. टिळकांनी या कथेचा आधार घेऊन म्हटले की, बर्फ आले आणि त्याने माणसांना घराबाहेर काढले. आज नेमके उलटे घडते आहे. बर्फ जाते आहे, आणि त्यामुळे माणसांना घर सोडावे लागते आहे!

हे बर्फ किती आणि कसे जाते आहे, ते आधी पाहू. उत्तर ध्रुवावर जमीन नाही. तेथे समुद्र आहे आणि त्यावर बर्फाची साय धरते. हिवाळ्यात ही साय पसरते, उन्हाळ्यात आक्रसते आणि सप्टेंबरात ती सर्वांत लहान असते. १९७९ पासून कृत्रिम उपग्रहांनी तिचे सतत मोजमाप होत आहे. १९८० च्या दशकात सप्टेंबरातही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ शिल्लक राहत असे, म्हणजे आपल्या भारतासारखे दोन देश त्यात सहज बसले असते. २०१२ च्या सप्टेंबरात ते ३४ लाखांवर आले. जेमतेम एक भारत! हिवाळ्याची गतही तीच. २०२५ च्या मार्चमधील सर्वाधिक पसारा हा तोवरच्या ४७ वर्षांतील सर्वांत कमी भरला. सैबेरियातील वेर्खोयान्स्क हे गाव ध्रुववृत्ताच्या आत आहे. तेथे २० जून २०२० रोजी ३८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जूनमधला ३८ हा आकडा आम्हां परभणीकरांच्या चांगल्याच ओळखीचा. तो असा परक्या गावी भेटला की दचकायला होते.

याचे मूळ कारण आता सर्वांना ठाऊक आहे. गेली दीडदोनशे वर्षे माणसाने जाळलेला कोळसा आणि तेल, व त्यांतून हवेत साठलेला कार्बन वायू. परंतु सगळी पृथ्वी तापत असताना ध्रुवप्रदेशच सुमारे चौपट वेगाने का तापावा? याचे एक उत्तर परभणीच्या शेतकऱ्याला शिकवावे लागणार नाही. वैशाखात आमच्या काळ्या रानातून अनवाणी चालून पाहा, आणि मग चुना दिलेल्या गच्चीवर पाय ठेवून पाहा. पांढरे ऊन परतवते, काळे ते पिऊन टाकते. ताज्या हिमाने झाकलेले बर्फ शंभरातील ऐंशीहून अधिक हिस्से ऊन आकाशात परत पाठविते. ते वितळले की खाली उघडा पडतो काळाभोर समुद्र, आणि तो नव्वदाहून अधिक हिस्से गिळतो. समुद्र तापला की आणखी बर्फ वितळते, आणखी काळे पाणी उघडे पडते. सावकारी व्याजासारखे हे चक्रवाढीने वाढत जाते.

घरोघरी शीतकपाट असते, तेव्हा एक प्रयोग मुलांना करून दाखवता येईल. पेल्यात बर्फाचे खडे टाकून काठोकाठ पाणी भरा. खडे विरघळले तरी पाणी सांडत नाही. तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्र चढत नाही, तो याचमुळे. परंतु ग्रीनलंडचे बर्फ जमिनीवर आहे. ते म्हणजे पेल्यावर धरलेली वेगळी बर्फाची लादी. या शतकात ती दरवर्षी सरासरी २६-२७ हजार कोटी टन घटत आली आहे, आणि ते सारे पाणी समुद्रात जाते. ती सगळी वितळली तर जगातले समुद्र सुमारे ७ मीटरने चढतील. त्याला शतकानुशतके लागतील, पण मुंबईत ज्यांचे नातेवाईक आहेत (आणि परभणीत असे घर विरळाच!) त्यांनी दिशा ओळखून असावे.

ध्रुवावरचे बर्फ म्हणजे निर्जीव पांढरे वाळवंट, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते एक उलटे टांगलेले कुरण आहे. वसंतात ऊन बर्फातून झिरपू लागले की त्याच्या तळाला सूक्ष्म शेवाळ धरते. त्यावर कोळंबीसारखे बारीक जीव चरतात, त्यांच्यावर ध्रुवीय कॉड मासा जगतो, माशांवर सील आणि सीलवर पांढरे अस्वल. अस्वल सीलला पोहून पकडू शकत नाही. सील श्वासासाठी ज्या भोकातून डोके वर काढतो त्या भोकाशी ते तासन्‌तास दबा धरून बसते. बर्फच नाही तर भोक कोठले आणि शिकार कोठली? कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर उन्हाळ्यात बर्फ संपूर्ण विरघळते आणि अस्वले किनाऱ्यावर उपाशी बसतात. हा त्यांचा चातुर्मास आता पूर्वीपेक्षा तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे. १९८० च्या दशकात तेथे सुमारे १,२०० अस्वले होती. २०२१ च्या गणनेत ६१८ भरली.

आणि माणसे? ध्रुवप्रदेशात माणसे हजारो वर्षे राहतात. इन्युइट लोक समुद्रावरच्या बर्फाला ‘सिकू’ म्हणतात, आणि त्याच्या निरनिराळ्या अवस्थांना त्यांच्या भाषेत निरनिराळी नावे आहेत. कोणते बर्फ माणसाचे वजन पेलील, कोणते कुत्र्यांच्या गाडीचे, कोणते आज पेलील पण उद्या नाही, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते आजोबांच्या बोलण्यातून नातवाच्या पायात उतरलेले असते. आता बर्फ उशिरा धरते आणि लवकर फुटते, आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या खुणा दगा देतात.

सैबेरियाच्या यामाल द्वीपकल्पावरील नेनेट्स धनगरांची कथा तर आपल्या काळजाला हात घालणारी आहे. ते रेनडियरांचे कळप घेऊन शेकडो मैल भटकतात. हिवाळ्यात ही जनावरे खुराने हिम उकरून खालचे दगडफूल खातात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे भर थंडीत पाऊस पडला. पाठोपाठ कडाका आला आणि ते पाणी हिमावर काचेसारखे गोठले. खुरांनी ते फुटेना. त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपल्या मराठवाड्यावर गारपीट कोसळली आणि उभा गहू, हरभरा, ज्वारी मातीत झोपली. या दोन आपत्तींचे कारण एकच, असे मी म्हणत नाही. परंतु यामालचा धनगर आणि आपल्याकडचा शेतकरी त्या वर्षी आभाळाकडे पाहून जे बोलले असतील, त्याचा अर्थ एकच असणार.

आपल्याकडे धरणाच्या पाण्याने गावे उठली, जुने गाव आणि नवे गाव असे शब्द रूढ झाले. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यूटॉक नावाचे युपिक लोकांचे छोटे गाव होते. गोठलेल्या मातीवर उभे असलेले हे गाव माती वितळल्याने खचू लागले आणि नदी काठ कापत घरांपाशी आली. अखेर पंधरा किलोमीटरवर मेर्तार्विक हे नवे गाव वसवून २०१९ पासून लोक तिकडे जाऊ लागले. पुनर्वसन हा शब्द आता ध्रुवाजवळच्या भाषांनाही शिकावा लागला आहे.

हे सगळे दुरून पाहणाऱ्यांत आपला देशही आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नी-ओलेसुन ही एकेकाळची कोळशाच्या खाणीची वस्ती आहे. १९६२ साली तेथील खाणीत स्फोट होऊन २१ माणसे दगावली आणि खाण कायमची बंद पडली. ज्या कोळशाने हवा तापवली, त्याच्याच गावात आज हवा तापल्याचे मोजमाप होते! १ जुलै २००८ रोजी तेथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झाले. ध्रुव तेथून केवळ १,२०० किलोमीटर. त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी तेथील खाडीत ‘इंडआर्क’ नावाची वेधयंत्रांची माळ सोडली. ती पाण्याचे तापमान आणि क्षार टिपून ठेवते. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, सूर्य मावळला की तो फेब्रुवारीच्या मध्यावरच उगवतो. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसे त्या चार महिन्यांच्या रात्रीतही तेथे राहून काम करू लागली आहेत. वस्तीबाहेर पडताना अस्वलाच्या भयाने बंदूक बरोबर न्यावी लागते. टिळकांनी शब्दांतून पाहिलेली ती दीर्घ रात्र आज आपली मुले प्रत्यक्ष पाहत आहेत.

पण वास्कोच्या संस्थेला ध्रुवाशी काय कर्तव्य? येथे आपण परभणीच्या बांधावर येऊन पोहोचतो. या संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सैबेरियाच्या उत्तरेस कारा समुद्र आहे. ज्या वर्षी उन्हाळ्यात तेथील बर्फ फार घटते, त्या वर्षी सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, असा संबंध त्यांना आढळला. कारा समुद्र उघडा पडला की वायव्य युरोपवर हवेचा दाब वाढतो. त्यामुळे उंचावरील वाऱ्यांत उठलेली लाट आशिया ओलांडून आपल्यापर्यंत येते. आणि तापलेला अरबी समुद्र तिला बाष्पाचा पुरवठा करतो. हेच एकमेव कारण, असे ते शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. मोसमी पाऊस ही अनेक धाग्यांची वीण आहे. त्यातला एक धागा ध्रुवावरून येतो, एवढेच.

तो धागा ताणला की काय होते, ते माझ्या वर्गात दिसते. नक्षत्रांच्या पावसावरील म्हणी मी दरवर्षी शिकवतो. मृगाची पेरणी, हत्तीचा गडगडाट, स्वातीचे मोती. सप्टेंबरच्या अखेरीस येणाऱ्या हस्त नक्षत्राच्या पावसावर रब्बीच्या ज्वारीची आशा असते, असे मी सांगत होतो. मागच्या बाकावरील जिंतूरकडचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि अगदी सरळपणे म्हणाला, “सर, ही म्हण परीक्षेपुरती लक्षात ठेवायची, की शेतासाठीही?” वर्ग हसला, तो हसला नाही. त्याच्या घरी सोयाबीन कापणीला आलेली असताना पावसाची झड लागली होती आणि शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात ठिकठिकाणी रानेच्या राने पाण्याखाली गेली. त्यानंतर तो मुलगा वर्गात दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की तो पुण्याकडे कामाला गेला आहे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. म्हण ही काही शोभेची वस्तू नव्हे. ती पिढ्यांनी जपलेली नोंदवही आहे. इन्युइट आजोबांचे बर्फाचे शब्द आणि आमच्या शेतकऱ्याचा हत्तीचा पाऊस ही एकाच जातीची विद्या. ऋतू आपल्या वेळा पाळतात, या विश्वासावर ती उभी आहे. वेळ चुकली की प्रथम पीक जाते, मग वडिलांच्या शब्दावरचा विश्वास जातो, आणि मग मुलगा गाव सोडतो.

वेळ चुकल्याचा फटका पाखरांनाही बसतो. हिवाळ्यात आम्ही कुटुंबासह कधीकधी येलदरीच्या धरणावर जातो. पाणी ओसरलेल्या चिखलात चिमणीएवढे करडे पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवीत धावत असतात. “एवढ्याशा पाखराला काय पाहता?” असे आमच्या सौ. म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना या पाखराचे मूळ गाव सांगितले. हा छोटा टिलवा. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. त्याचे माहेर सैबेरियाच्या उत्तर टोकावरील टुंड्रा प्रदेशात, पाच-सहा हजार किलोमीटरवर. तेथे उन्हाळ्याच्या चार दिवसांत किड्यांचा सुकाळ होतो, आणि तो साधूनच अंडी फुटावी लागतात. आता हिम लवकर वितळते, किडे लवकर निघतात आणि पिले मागाहून येतात. जेवणाची पंगत उठल्यावर पोहोचलेल्या पाहुण्यासारखी. टिलव्याच्याच गोतातील ‘नॉट’ या पक्ष्याचा असा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तैमिर द्वीपकल्पावर हिम दरवर्षी अर्ध्या दिवसाने लवकर वितळत गेले, तसतशी पिले अंगाने लहान व चोचीने आखूड निपजू लागली. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्यावर वाळूत खोल दडलेले शिंपले त्या आखूड चोचींना पोचेनात, आणि त्यांतली पुष्कळशी पहिल्याच वर्षी मेली. उपासमार आफ्रिकेत, तिचे कारण ध्रुवावर!

आता अवेस्तातील त्या बीजांच्या आवाराकडे वळू. स्वालबार्डमध्येच, लाँगइयरबीन गावाजवळच्या डोंगरात, सव्वाशे मीटर खोल जगाचे बियाण्याचे कोठार आहे. ते २००८ साली उघडले. शून्याखाली १८ अंशांत तेथे देशोदेशीचे बियाणे राखून ठेवलेले आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांचे वाण तेथे पाठविले आहेत. आपल्या ताटातली भाकरी ध्रुवाच्या तिजोरीत ठेवलेली आहे म्हणा ना! परंतु २०१६ च्या ऑक्टोबरात अवेळी पाऊस झाला, आणि त्या कोठाराच्या प्रवेशद्वाराच्या बोगद्यात पाणी शिरून गोठले. बियाण्याला धक्का लागला नाही, पुढे तो बोगदाही नव्याने बांधून काढण्यात आला. पण कायम गोठलेली राहील या भरवशावर निवडलेल्या जमिनीचाही भरवसा उरला नाही, हे त्या पाण्याने सांगितले.

तेव्हा परभणीपासून उत्तर ध्रुव किती लांब? नकाशात आठ हजार किलोमीटर. वाऱ्याच्या हिशेबाने काही दिवस. आणि टिलव्याच्या पंखांनी एक ऋतू. कोळसा आणि तेल कमी जाळावयाचे हे काम मुख्यतः मोठ्या राष्ट्रांचे व सरकारांचे आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेणे हे आपले. घरच्या घरी करण्याजोगे एक काम मात्र मी यंदा माझ्या विद्यार्थ्यांना दिले आहे. आजी-आजोबांपाशी बसावे, त्यांच्या आठवणीतली पावसाची, पेरणीची, पाखरांची वेळ वहीत एका बाजूला लिहावी, आणि दुसऱ्या बाजूला या वर्षीची. ही वही शेताच्या कामी येईल, कारण कोणते नक्षत्र किती सरकले ते तिच्यातूनच कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन पाणथळीकडे एक फेरी अवश्य करा. टिलवे तोवर आलेले असतील. पुढल्या वैशाखात, आपण उन्हाळ्याने हैराण झालेले असू तेव्हा, ते उत्तरेची वाट धरतील. मुठीत मावणारा तो जीव ज्या भरवशावर एवढे आकाश ओलांडतो, तो भरवसा खोटा ठरू नये.